गाठीपासून चार बोटं

प्रिय पाचर,

हे पत्र तुझी लेक वाचून दाखवत असेल तर तिला आधीच सांगतो, बाळ, मध्येच थांबून "बाबा, पाणी हवं का" असं विचारायचं नाही. वाचायला घेतलं की शेवटपर्यंत वाचायचं, उसासे टाकायचे ते नंतर. वर्गात माझा हाच नियम होता. आणि तू स्वतः वाचत असशील तर उत्तमच, पण मग पाठ भिंतीकडे कर आणि तोंड खिडकीकडे. भिंतीकडे तोंड करून पत्र वाचता येत नाही, अक्षरांवर आपलीच सावली पडते. सोबत जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक लांबोडकं गाठोडं आलं असेल. पत्र संपेपर्यंत ते सोडायचं नाही. तुला घाई कधीच नव्हती, घाई माझ्यात होती, तेव्हा ही सूचना खरं तर मी मलाच करतोय असं समज.

तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या लेकीचा फोन आला. तुला ऐकू जाऊ नये म्हणून बिचारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बोलत होती. मधूनच तोंडात चिमटा धरल्यासारखा आवाज यायचा. काका, म्हणाली, बाबांचा लकव्याने गेलेला उजवा हात बराचसा परत येईल असं डॉक्टर म्हणतात, पण बाबाच परत यायला तयार नाहीत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर तो तू डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकलास आणि त्यांना विचारलंस, "चेंडू देताय? मी काय कुत्रा आहे?" इथपर्यंत ऐकून मला हसू आलं, कारण इथपर्यंत तो तूच होतास. पुढचं ऐकून मात्र हसू विरलं. तू म्हणे भाच्याला निरोप धाडलास, येऊन हत्यारांची पेटी घेऊन जा. रंधे, पटाश्या, तुझ्या वडिलांची ती वाकड्या मुठीची करवत, सगळं. "वाळवी लागलेलं लाकूड कोणी दुरुस्त करत बसत नाही, बाजूला काढतात," एवढं बोलून भिंतीकडे वळलास तो वळलासच. भाचा पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी टेम्पो घेऊन येणार आहे. काका, पेटी गेली की बाबा गेले, तुम्ही काहीतरी लिहा ना, तुमचं ते ऐकतील, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या बापाने बासष्ट वर्षांत माझं एकदाही ऐकलेलं नाही, आता काय डोंबल ऐकणार. आणि फोन ठेवून दिला.

तेव्हा धीर वगैरे मी तुला देणार नाही. धीराचे शब्द माझ्याकडे पोत्याने पडलेत, निरोपसमारंभात आणि शोकसभेत आयुष्यभर तेच वाटत आलो, पण तुझ्यासमोर ते काढले की तू मधे पाचर मारणार हे ठरलेलं. उगाच नाही तुला सगळ्या वर्गाने ते नाव ठेवलं. मला माझी बातमी सांगायची आहे. मी धनुष्य केलं. विकत आणलं नाही, कुणाकडून करून घेतलं नाही. झाडाच्या फांदीतून, एका चाकूने, उघड्यावर बसून, आयुष्यात खडूपेक्षा जड काही न उचललेल्या या हातांनी केलं. हस, हस. तुझ्या कारखान्यात मी किती दुपारी काढल्या असतील, पण एकदा तरी हत्याराला हात लावू दिलास का? म्हणायचास, "भोंग्या, तू त्या स्टुलावर बस आणि कविता म्हण. हात लावलास तर तुझं बोट जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या रंध्याची धार जाईल." मी बसायचो. तुझ्या रंध्यातून लाकडाची कुरळी साल निघायची, मी पाचवीच्या पुस्तकातली कविता म्हणायचो, आणि तू कडव्याच्या शेवटी बरोबर रंधा उचलून थांबायचास. तुला कवितेतलं काही कळत नाही असं तूच सांगायचास, पण यती कुठे येतो ते तुझ्या हाताला ठाऊक होतं.

घरात अर्थातच गदारोळ झाला. आमची ही म्हणाली, "स्वतःचा चष्मा शोधायला ज्यांना तीन माणसं लागतात ते धनुष्य करायला निघालेत! या वयात स्वयंवर मांडायचंय का कुणाचं?" मुलाने डॉक्टरांचे जुने कागद माझ्यासमोर पसरले, त्यात छाती, गुडघे आणि डावा डोळा यांच्याबद्दल जे जे लिहिलं होतं ते मला वाचून दाखवलं, जणू मीच नापास मुलगा आणि ते प्रगतिपुस्तक. सूनबाईने स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या. पण त्यांना माहीत नव्हतं की माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक चाकू पडून आहे. पस्तीस वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाकडून मी तो जप्त केला होता, वर्षअखेर परत देईन म्हणालो आणि विसरलो. तो मुलगा आता आजोबा झाला असेल. चाकू मात्र तसाच धारदार, विद्यार्थ्याचा आणि म्हणूनच मास्तरापेक्षा हुशार.

अटी मी माझ्या मीच घातल्या. करवत नाही, शिकंजा नाही, कानस नाही. तेव्हा जे होतं तेवढंच. तेव्हा म्हणजे केव्हा, ते तुला सांगायला नको, आणि तुझ्या लेकीला पुढे कळेलच. गावाबाहेर कालव्याच्या काठी पाणीपुरवठ्याचं पंपघर आहे. त्याच्या मागे तुतीची आठ-दहा झाडं आहेत, कुणी लावलेली नाहीत, पाखरांनी पेरलेली. मागच्या वादळात त्यातल्या दोन-तीन फांद्या मोडून झाडातच लटकत राहिल्या आणि तशाच उभ्या उभ्या वाळल्या. ओल्या लाकडाचं धनुष्य वाकून बसतं, पडलेल्या लाकडाला कीड लागते. उभं वाळलेलं लाकूड हवं. हे तूच मला सांगितलं होतंस, तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. मनगटाएवढी जाड, माझ्या हनुवटीपर्यंत येईल अशी फांदी निवडायला मला दोन दिवस लागले. पंपघर चालवणाऱ्या बाई आहेत, चाळिशीच्या, निळा गणवेश, खिशात पाना. पहिल्या दिवशी त्या लांबून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणाल्या, "सर, चाकू चालवताना अंगठा कुठे ठेवलाय तो एकदा बघा." मी बघितलं. अंगठा पात्याच्या थेट पुढे होता. त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. म्हणायच्या, "मी कामावर आहे, पण पंप आपला आपण चालतो, तुमचं तसं नाही."

पहिलं धनुष्य मी कसं घालवलं ते ऐक. तुझ्यासारख्याने हे ऐकून उठूनच बसायला हवं. मी फूटपट्टी नेली होती. फांदीचा मध्य काढला, दोन्ही बाजूंना दर दोन इंचांवर पेन्सिलने खुणा केल्या, आणि प्रत्येक खुणेला जाडी किती हवी त्याचा तक्ता वहीत आखला. मग चार दिवस तासत बसलो. डावी बाजू जेवढी तेवढीच उजवी. इतकं एकसारखं काम की निरीक्षकांनी येऊन शेरा लिहावा. टोक जमिनीला टेकवून हळूच दाब दिला, तर एक बाजू कोपरातून मुडपल्यासारखी एकाच जागी वाकली आणि दुसरी काठीसारखी ताठ राहिली. आणखी जरा दाबलं, कट्! पंपवाल्या बाईंनी तुकडा उचलून उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "पाईपही अस्साच फुटतो सर. सगळा जोर एका ठिकाणी आला की. लाकडाला पट्टी कळत नाही हो." ती बाजू एका गाठीपाशी मोडली होती. गाठीजवळ लाकूड जास्त ठेवायचं असतं, तिथे पट्टीचं माप चालत नाही. आणि मी छत्तीस वर्षं साठ-साठ मुलांना एकाच मापाने तपासत होतो! त्या संध्याकाळी घरी जाताना कितीतरी चेहरे आठवले रे. पट्टी मी कालव्यात टाकली.

दुसरं धनुष्य सौंदर्यदृष्टीने गेलं. त्याची पाठ, म्हणजे बाहेरची बाजू, जी बाण मारताना आपल्यापासून लांब असते, ती साल काढल्यावर खडबडीत दिसत होती. तासायचं ते आतून, पोटाच्या बाजूने; पाठीच्या रेषेला पातं लावायचं नाही, हे मला माहीत होतं. पण मनात आलं, थोडं गुळगुळीत करू, कवितेची शेवटची ओळ घासून घ्यावी तसं. दोनच हात फिरवले. दुसऱ्या दिवशी वाकवलं तेव्हा पाठीवरून एक लांब चिरफळी उचलली गेली, केळीच्या सालीसारखी. त्याच दिवशी पाणीपुरवठ्याचे साहेब स्कूटरवरून तपासणीला आलेले. मला बघून म्हणाले, "आजोबा, इथे हत्यार घेऊन बसायला मनाई आहे." माझं डोकं आधीच फिरलेलं. मी त्यांना फाटकावरच्या पाटीपाशी घेऊन गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवली. पोहण्यास मनाई, मासे पकडण्यास मनाई, कपडे धुण्यास मनाई. "धनुष्याबद्दल एक अक्षर नाही, साहेब. उद्या लिहा पाटीवर, परवा मी येणार नाही. आज मी बसणार." वर्गाला दम भरायचो तोच आवाज निघाला. साहेब म्हणाले, "तुम्ही शाळेत होता का?" मी म्हटलं, "अजूनही आहे. नापास होतोय." ते गेले. बाई पंपघराच्या दाराआड तोंडावर हात धरून हसत होत्या. पाटीवर अजून नवी ओळ आलेली नाही.

आता ते लिहायला हवं जे लिहिण्यासाठी इतकी लांबण लावली. बाळ, तू वाचत असशील तर इथून सावकाश वाच. तुझ्या बापाच्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ जाते, तिथे केस येत नाहीत. तुम्हाला त्याने काय सांगितलंय मला ठाऊक आहे, कारण तीच गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे. शाळेच्या सहलीत आम्ही दोघं रानात चुकलो. दोन रात्री तिथे काढल्या. तुझ्या बापाने फांदीचं धनुष्य केलं आणि रानडुक्कर अंगावर आलं तेव्हा मी, भोंग्याने, ते ओढून त्याला पळवलं. त्या झटापटीत धनुष्य मोडलं आणि तुकडा त्याच्या भुवईला लागला. परतल्यावर मुख्याध्यापकांनी मला व्यासपीठावर उभं केलं. मी स्वतः रचलेली कविता म्हटली, अजून पाठ आहे:

वाकलो मी, मोडलो ना, रान सारे सांगते;
दोर ओढी हात माझा, भीति मागे पांगते!

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत भुवईवर पट्टी लावून तुझा बाप बसला होता आणि सगळ्यात जोरात टाळ्या तोच वाजवत होता. त्या कवितेवरच मी पुढे मास्तर झालो म्हण ना. कवितेचा मुलगा अशी ओळख झाली, ती आयुष्यभर पुरली.

पाचर, कुठलं डुक्कर आणि कुठली झटापट. चुकलो तेच माझ्यामुळे. जोडीजोडीने चाला असं सांगितलं होतं, आणि मी एका पाखराच्या मागे ओळी जुळवत रांग सोडली. तू माझा जोडीदार म्हणून मागे आलास. पहिली रात्र मी रडून काढली. उजाडल्यावर तू खिशातला चाकू काढलास, मोडून लटकलेली एक फांदी शोधलीस आणि तासायला बसलास. मी हुंदके देत विचारलं, बाण नाही, पीस नाही, मारणार कशाला? तू मान वर न करता म्हणालास, "मारायला कुठे करतोय. हाताला काम दिलं की डोळे गप्प बसतात. तूही साल सोल." मी चार सालटं सोलली आणि कंटाळलो. तू सूर्य डोक्यावरून कलेपर्यंत तासत होतास. टोक जमिनीला टेकवायचं, दाबायचं, डोळा बारीक करून बघायचं, मग दोन हात फिरवायचे, परत दाबायचं. आपल्या चार बुटांच्या नाड्या वळून दोरी केलीस. मग टोपी घेऊन ओढ्यावर पाणी आणायला निघालास आणि जाता जाता बजावलंस, "हात लावू नकोस. वरची बाजू अजून ताठ आहे. ती तासायची राहिलीय. आधी तासायचं, मग ओढायचं."

मी ओढलं. तुझी पाठ वळायची वाट बघितली आणि उचललं. एक पाय पुढे टाकून, कुठल्याशा कवितेतला वीर होऊन, कानापर्यंत ओढलं. मोडल्याचा आवाज अजून माझ्या उजव्या कानात आहे. वरचा तुकडा उडाला, आणि तू नेमका टोपीत पाणी घेऊन झाडाआडून बाहेर येत होतास. रक्त तुझं वाहत होतं आणि भोकाड मी पसरलं होतं. तू त्याच ओल्या टोपीने भुवई दाबून धरलीस, मोडक्या तुकड्याकडे बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "रडू नकोस. काठीच होती." दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्यांनी आपल्याला शोधलं, हे कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हा माझं तोंड उघडायच्या आत तू ते डुक्कर रानातून बाहेर काढलंस. नंतर कधीच, अगदी भांडणातसुद्धा, एक शब्द काढला नाहीस. खिडकी कुणी उलटी बंद केली तर आठवडाभर टोमणे मारणारा माणूस तू! मी वीस वेळा सांगायला आलो. तुझ्या लग्नात, माझ्या निरोपसमारंभात, तुझी बायको गेली त्या वर्षी. प्रत्येक वेळी तू विषय बदललास, किंवा तू बदलावास म्हणून मी थांबलो. पुष्कळदा दुसरंच.

आणि खरं सांगू, इतकी वर्षं मला मनापासून तसंच वाटत होतं, की काठीच होती. खोटं बोलल्याची लाज होती, मोडल्याची नव्हती. ती आत्ता वाटली, त्र्याहत्तराव्या वर्षी, तिसऱ्या फांदीवर. दहा दिवस मी ती तासतोय. एकेक ढलपी काढायची, वाकवून बघायचं, कुठे अडतंय ते हेरायचं, तिथेच आणि तेवढंच खरवडायचं. शेवटी शेवटी चाकूही जाड वाटायला लागला, तेव्हा बाईंनी मीटरची फुटलेली काच आणून दिली. तिच्या धारेने लाकडाचा नुसता पिवळा धूर निघतो. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही म्हणून श्वास रोखून बसायचं. एका दुपारी हातात पेटके आले, फांदी मांडीवर होती, आणि अचानक मला तू दिसलास, अकरा वर्षांचा, उपाशी, नाकाला लाकडाचा भुगा लागलेला. तू हे सगळं एका दिवसात केलं होतंस. तूही घाबरलाच असशील ना रे? तुझे डोळे गप्प बसवायला तू ते केलं होतंस आणि मी ते एका श्वासात मोडलं. मी काय मोडलं ते मला तेव्हा कळलं. बाई म्हणाल्या, "सर, डोळ्यात भुसा गेला का?" मी म्हटलं, हो.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते गाठोडं. आता सोड. आत धनुष्य आहे, चार नाड्यांची दोरी आहे, आणि फडक्यात गुंडाळलेली ती काच आहे, बाळ, जपून. धनुष्य अपुरं आहे. खालची बाजू छान वाकते, वरची अडून बसलीय. वर एक गाठ आहे; तिच्यापासून चार बोटं सोडून पुढे वीतभर लाकूड जास्त आहे, तेवढंच खरवडायचं राहिलंय. पेन्सिलने खूण केलीय, पट्टी न लावता. मला ते करता आलं असतं, बढाई नाही, आता माझा हात बसलाय. पंपवाल्या बाई तर परवा म्हणाल्या, "ओढा की सर एकदा, बघू तरी!" मी नाही ओढलं. बासष्ट वर्षांनी का होईना, मी थांबलो. उरलेलं तुझं आहे. काच डाव्या हातात धर, धनुष्याची मूठ उजव्या हातात. उजव्याने काही करायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. सुटलं तर पुन्हा धरायचं. चेंडू नाहीये तो, फेकून बघ म्हणजे मी आहे आणि तू आहेस. भाचा रविवारी टेम्पो घेऊन येणार, तर मी शनिवारच्या पहिल्या गाडीने येतोय. डॉक्टरांच्या कागदांची परवानगी मी घेतलेली नाही आणि हिला नुसतं सांगितलंय. लाकडाला वाळवी लागलीय की नाही ते मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवणार नाही, जमिनीवर किती भुसा पडलाय त्यावरून ठरवणार आहे. आणि ती बाजू तशीच ताठ दिसली, पाचर, तर मी ते धनुष्य उचलून तुझ्या डोळ्यांसमोर कानापर्यंत ओढीन. मी ओढल्यावर काय होतं ते या जगात फक्त तुला माहीत आहे.

तुझाच, त्याच जोडीतला,
भोंगा